विश्लेषण : आज पाहुणा, उद्या यजमान… जुन्या संगणकाला ‘व्हर्च्युअल मशीन’चा आधार कसा?

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरातल्या, दुकानातल्या, छापखान्यातल्या चांगल्या चालत्या संगणकांवर ‘जुना’ असा शिक्का बसला. नवा संगणक घ्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मात्र आहे त्याच संगणकात, आहे त्या विंडोजला हात न लावता, दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवून पाहता येते, हे सांगणारे कमी. ही सोय मोफत आहे आणि बहुतेक संगणकांत आधीपासून आहे. पण ती कशासाठी वापरायची आणि कशासाठी नाही, हे नीट समजले नाही तर सुरक्षिततेचा खोटा दिलासा मिळण्याचा धोकाही तेवढाच आहे.

प्रश्न नेमका कुठे आहे?

विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली. तिचा आधार संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. तो पूर्वीसारखाच चालतो. फक्त नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटींवरची दुरुस्ती त्याला आपोआप मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देणारी वाढीव योजना आणली. त्यात नावनोंदणी मात्र स्वतःहून करावी लागते.

विंडोज ११ टाकावी, तर तिच्या अटी आड येतात. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, अशी ती यादी आहे. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१५-१६ मध्ये घेतलेला, एसएसडी टाकल्यावर आजही झपाझप चालणारा लॅपटॉप या यादीत बसत नाही. यंत्र धडधाकट आहे, पण अधिकृत वाट बंद आहे, अशी ही कोंडी आहे.

अशा यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते, हे तंत्रज्ञ मंडळी वर्षानुवर्षे सांगत आहेत. तरीही सामान्य वापरकर्ता तिकडे वळत नाही आणि त्याची भीती चुकीची नाही. ‘फोटो गेले तर?’, ‘प्रिंटर चालला नाही तर?’, ‘परत विंडोजवर येता आले नाही तर?’ हे त्याचे प्रश्न आहेत. व्हर्च्युअलायझेशन या भीतीवरचाच उपाय आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

संगणकात एक सॉफ्टवेअर टाकायचे. ते खऱ्या संगणकाच्या आत एक कल्पित संगणक उभा करते. त्याला स्वतःची रॅम, स्वतःची हार्ड डिस्क, स्वतःचे नेटवर्क कार्ड आणि स्वतःचा पडदा असतो. त्यात टाकलेल्या प्रणालीला आपण खऱ्या यंत्रावरच चालतो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात तिची ‘हार्ड डिस्क’ म्हणजे आपल्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते आणि तिचा ‘पडदा’ म्हणजे विंडोजमधली एक खिडकी.

मूळ प्रणालीला ‘होस्ट’ म्हणजे यजमान आणि आतल्या प्रणालीला ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा म्हणतात. दोघांमध्ये वाटणी करून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर. जुन्या वाड्यातले बिऱ्हाड आठवावे. बिऱ्हाडकरूचा संसार वेगळा, दार वेगळे. पण नळ, वीज आणि जमीन वाड्याचीच. बिऱ्हाड रिकामे केले म्हणून वाडा पडत नाही. वाडाच कोसळला तर मात्र बिऱ्हाड वाचत नाही. हे दुसरे वाक्य पुढे सुरक्षेच्या मुद्द्यापाशी महत्त्वाचे ठरते.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात एका महागड्या मेनफ्रेमवर अनेकांना स्वतंत्र संगणकाचा अनुभव देण्याचे प्रयोग झाले. त्यातूनच १९७२ मध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली.

घरगुती संगणकांच्या एक्स८६ प्रोसेसरवर हे करणे अवघड होते. ऑपरेटिंग सिस्टीमला काही आज्ञा विशेषाधिकाराने द्याव्या लागतात. पाहुण्या प्रणालीने अशी आज्ञा दिली की हायपरव्हायझरला मध्येच ती पकडता आली पाहिजे. एक्स८६ मधील काही आज्ञा मात्र पकडीत न येता गुपचूप वेगळाच परिणाम देत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती काढली आणि १९९९ मध्ये ‘वर्कस्टेशन’ बाजारात आणले. पुढे इंटेलने २००५ मध्ये ‘व्हीटी-एक्स’ आणि एएमडीने २००६ मध्ये ‘एएमडी-व्ही’ या नावाने ही सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली.

म्हणजे विंडोज ११ ने नाकारलेला २०१५ चा कोअर आय ५ प्रोसेसरही दुसरी प्रणाली पोटात घेऊन चालवण्यास सक्षम आहे. ही क्षमता बहुतेक घरांत एकदाही न वापरता पडून राहिली, एवढेच.

ड्युअल बूटपेक्षा हा मार्ग बरा का?

एकाच संगणकावर दोन प्रणाली ठेवण्याचा जुना मार्ग म्हणजे ड्युअल बूट. त्यात डिस्कचे भाग पाडावे लागतात आणि संगणक सुरू होताना कोणती प्रणाली हवी ते निवडावे लागते. यंत्राची पूर्ण ताकद मिळते, हा त्याचा फायदा. पण भाग पाडताना चुकीच्या ठिकाणी क्लिक झाले तर माहिती जाऊ शकते. बिटलॉकर सुरू असेल तर रिकव्हरी की मागितली जाते आणि ती कुठे लिहून ठेवली आहे हे अनेकांना आठवत नाही. शिवाय दोन प्रणाली एकमेकींच्या वाटेत येतात. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरूच होईना.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हे काही होत नाही. विंडोज जागच्या जागी राहते. दोन्ही प्रणाली एकाच वेळी समोर असतात. त्याहून मोठी सोय म्हणजे ‘स्नॅपशॉट’. प्रयोग करण्याआधी पाहुण्या प्रणालीची आहे ती स्थिती गोठवून ठेवायची. बिघडले तर दोन क्लिकमध्ये तिथेच परतायचे. शिकणाऱ्यासाठी यासारखी सोय नाही. मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो; डिस्क गेली की तोही गेला.

आपल्या संगणकाला झेपेल का?

सर्वांत आधी रॅम पाहावी. ८ जीबी असेल तर ३ ते ४ जीबी पाहुण्याला देऊन काम भागते. १६ जीबी असेल तर निवांत. ४ जीबीच असेल तर या वाटेला जाऊ नये. दोन्ही प्रणाली रांगत चालतील आणि दोष उगाच लिनक्सवर जाईल. अशांनी पेनड्राइव्हवरून थेट चालणारी ‘लाइव्ह’ आवृत्ती पाहावी. तीही डिस्कला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट डिस्क. उबुंटू डेस्कटॉपसाठी किमान २५ जीबी मोकळी जागा धरावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर दोन प्रणाली एकाच वेळी वाचू-लिहू लागल्या की वेग रडकुंडीला येतो. एसएसडी असेल तरच खरा अनुभव मिळतो.

तिसरी गोष्ट प्रोसेसरमधील सोय चालू आहे का, ही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ आणि त्यात ‘सीपीयू’वर गेले की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ लिहिलेले दिसते. बंद असेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते. इंटेलच्या यंत्रांत ते ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या यंत्रांत बहुधा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने सापडते. अनेक जण नेमके याच पायरीवर अडतात आणि ‘आपल्या संगणकावर हे होत नाही’ असे समजून प्रयत्न सोडून देतात.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

ओरॅकलचे ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हे सर्वांत परिचित नाव. त्याचे मूळ पॅकेज मुक्त परवान्यावर मोफत आहे. त्यासोबतचा ‘एक्स्टेन्शन पॅक’ मात्र व्यावसायिक वापरासाठी मोफत नाही. कार्यालयांनी हा फरक ध्यानात ठेवावा. ‘व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो’ हे पूर्वी पैसे मोजून घ्यावे लागे. ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेल्यानंतर मे २०२४ मध्ये ते वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यावसायिक वापरासाठीही मोफत झाले. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमचे खाते उघडावे लागते.

मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ‘हायपर-व्ही’ विंडोजच्या प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत मिळते, होम आवृत्तीत नाही. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना लिनक्सचे फक्त टर्मिनल पुरणार असेल तर ‘डब्ल्यूएसएल २’ पुरेसे आहे. ते होम आवृत्तीतही चालते आणि आतून तेही एक हलके व्हर्च्युअल मशीनच आहे. लिनक्सच्या यजमानावर ‘केव्हीएम’ आहे. ते २००७ पासून लिनक्सच्या कर्नेलचाच भाग आहे.

ॲपलच्या एम१ आणि त्यापुढच्या मॅकवर गणित वेगळे आहे. त्यांचा प्रोसेसर एआरएम पद्धतीचा असल्याने पाहुणी प्रणालीही एआरएमसाठी बनवलेलीच घ्यावी लागते.

सुरुवात कशी करावी?

उबुंटू किंवा लिनक्स मिंटची आयएसओ फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. दीर्घकाळ आधार असलेली ‘एलटीएस’ आवृत्ती निवडावी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’ दाबून नाव द्यावे, ४ जीबी रॅम, दोन प्रोसेसर आणि २५ ते ३० जीबीची डिस्क द्यावी. ही डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवली तर वापर होईल तशीच ती वाढते. आयएसओ जोडून यंत्र सुरू केले की नेहमीसारखे इन्स्टॉलेशन चालू होते. त्यात ‘इरेज डिस्क’ असा पर्याय दिसला की पोटात गोळा येतो. पण पुसली जाणारी डिस्क कल्पित आहे, म्हणजे ती एक फाइल आहे. खरी डिस्क तिला दिसतही नाही.

इन्स्टॉलेशननंतर ‘गेस्ट ॲडिशन्स’ टाकावे, म्हणजे पडदा पूर्ण मापाचा होतो आणि कॉपी-पेस्ट चालते. खिडकीच्या तळाशी कासवाचे चिन्ह दिसले तर समजावे की विंडोजचे हायपर-व्ही किंवा त्यावर आधारलेली एखादी सुरक्षा सोय आधीच चालू आहे आणि त्यामुळे वेग मंदावला आहे. सुरक्षा सोय असेल तर वेगासाठी ती बंद करण्याची घाई करू नये.

मग किमान पंधरा दिवस रोजची कामे आतच करावीत. लिब्रेऑफिसमध्ये पत्र लिहावे, इनस्क्रिप्ट कळफलक जोडून मराठी टंकलेखन करावे, प्रिंटर जोडून पाहावा, मुलांचे ऑनलाइन वर्ग उघडून पाहावेत. कुठे अडते त्याची यादी करावी. निर्णय त्या यादीवरून घ्यावा, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे.

सर्वांत मोठा गैरसमज कोणता?

‘विंडोज १०चा आधार संपला ना, मग तिच्या आत लिनक्स चालवू आणि बँकेचे व्यवहार त्यात करू.’ हा विचार वरवर चलाख वाटतो, पण तो उलटा आहे. यजमानात शिरलेला घातक प्रोग्राम कळफलकावर काय दाबले जाते ते पाहू शकतो, पडद्याचे चित्र घेऊ शकतो. रॅन्समवेअर आले तर ते पाहुण्याची अख्खी डिस्कच कुलूपबंद करील, कारण यजमानाच्या नजरेत ती फक्त एक फाइल आहे. वाडा असुरक्षित असेल तर आतल्या बिऱ्हाडाचे कुलूप कितीही भक्कम असून उपयोग नाही.

उलट दिशेने संरक्षण बऱ्यापैकी मिळते. पाहुण्यात बिघाड झाला तर तो सहसा तिथेच राहतो. पण तेही शंभर टक्के नाही. २०१५ मध्ये उघड झालेल्या ‘व्हेनम’ या त्रुटीत फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या जुन्या कोडमधून पाहुण्याला बाहेर पडण्याची वाट मिळू शकत होती. शिवाय सामाईक फोल्डर उघडा ठेवला तर भिंतीला आपणच खिडकी पाडलेली असते.

यातून निघणारा नियम साधा आहे. ज्या प्रणालीला आधार आहे ती बाहेर, जिचा आधार संपला ती आत, आणि आतलीचे नेटवर्क बंद.

जुन्या मराठी मजकुराशी याचा काय संबंध?

हा नियम महाराष्ट्रातल्या एका जुन्या दुखण्याला थेट लागू पडतो. अनेक छापखाने, नियतकालिके आणि संस्थांचा काही दशकांचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आणि २००१ नंतर नवी आवृत्तीच न आलेल्या पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून आहे. त्या फॉन्टमध्ये अक्षरे इंग्रजीच्या संकेतांत साठवली जात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देई. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. असा मजकूर शोधता येत नाही की मोबाइलवर वाचता येत नाही.

त्यामुळे कोपऱ्यात एक जुना, एक्सपी किंवा विंडोज ७ चा संगणक ‘त्यालाच हात लावू नका’ म्हणून जपला जातो. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला. त्या यंत्राची डिस्क ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी दिवाळी अंकांच्या मूळ फाइलींपासून स्मरणिकांपर्यंत सारे त्याच्यासोबत जाईल. अशी प्रणाली व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेटवर्क तोडून बसवली तर ती एका फाइलच्या रूपात राहते. त्या फाइलची प्रत काढता येते, ती दुसऱ्या संगणकावर नेता येते.

अडचणी आहेतच. काही जुन्या सॉफ्टवेअरना डाँगल लागते. यूएसबीचे असेल तर ते पाहुण्याला जोडून देता येते. जुन्या पॅरलल पोर्टचे असेल तर काम कठीण होते. विंडोजच्या परवान्याचाही विचार करावा लागतो. संगणकासोबत आलेला परवाना साधारणपणे त्याच यंत्रापुरता असतो; व्हर्च्युअल मशीनसाठी स्वतंत्र परवाना हवा. आणि हा कायमचा उपाय नाही, तो पूल आहे. पुलावर घर बांधायचे नसते. मिळालेल्या वेळात मजकूर युनिकोडमध्ये आणणे हेच खरे काम.

याचा उपयोग कुठे नाही?

गेमिंगसाठी नाही. ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद पाहुण्याला सहज मिळत नाही आणि व्हॅलोरंटसारखे गेम व्हर्च्युअल मशीन दिसताच चालण्यास नकार देतात. व्हिडीओ संपादनासाठीही नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरून निविदा किंवा विवरणपत्रे भरणाऱ्यांनी आपले काम आधार असलेल्या विंडोजवरच ठेवावे. अखेरच्या तारखेला प्रयोग करू नये.

मग करावे काय?

विंडोज १०चे वापरकर्ते वाढीव योजनेच्या कालावधीकडे दोन प्रकारे पाहू शकतात. एक म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याची मुदत म्हणून, आणि दुसरे म्हणजे सरावाचे वर्ष म्हणून. दुसरा दृष्टिकोन शहाणपणाचा आहे. नावनोंदणी करून विंडोज सुरक्षित ठेवावी, तिच्या आत लिनक्सला पाहुणा म्हणून बोलवावे आणि महिनाभर राबवून पाहावे. जमले, तर मुदत संपण्याआधी बॅकअप घेऊन अदलाबदल करावी. लिनक्स यजमान, आणि एखाद्या अडलेल्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज आत, नेटवर्कविना. नाही जमले, तर व्हर्च्युअल मशीन पुसून टाकावे आणि नवा संगणक घ्यावा. तेव्हाही तो निर्णय भीतीपोटी नव्हे, अनुभवावरून घेतलेला असेल.

जबाबदारी मात्र एकट्या ग्राहकाची नाही. आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणे, असेच समीकरण वर्षानुवर्षे रुजले आहे. केरळमध्ये ‘काइट’ ही सरकारी यंत्रणा शाळांसाठी लिनक्सवर आधारलेली स्वतःची प्रणाली पुरवते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर बेतलेली भारतीय प्रणाली तयार केली. ती किती मराठी घरांत एकदा तरी सुरू करून पाहिली गेली असेल? महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक व्हर्च्युअल मशीन मनसोक्त बिघडवू देणे, हा संगणक शिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. क्लाउडवर चालणाऱ्या सेवांचा मोठा भाग याच तंत्रावर उभा आहे, त्यामुळे हे शिक्षण नोकरीच्याही कामाचे आहे.

आणि ही केवळ संगणकाची गोष्ट उरलेली नाही. मार्च २०२५ पासून गुगलच्या पिक्सेल फोनवर अँड्रॉइडच्या आत डेबियन लिनक्स चालवणारे टर्मिनल मिळू लागले. तेही व्हर्च्युअल मशीनच. खिशातल्या यंत्राला जे जमते, ते टेबलावरच्या दहा वर्षे जुन्या संगणकालाही जमते. त्याला भंगारवाल्याकडे धाडण्याआधी पंधरा दिवसांची एक संधी द्यायला हरकत नाही.